स्मिथ म्हणजे लोहार

घर सोडायच्या आधी नानांनी विजेच्या मीटरचं रीडिंग डायरीत उतरवून घेतलं. टॅक्सी दारात उभी होती. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गप्प बसला होता. माझी धाकटी बहीण वैशाली डोळे पुसत पुसत बॅगा मोजत होती, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे वडील स्टुलावर चढून, चष्मा कपाळावर सरकवून मीटरमधले आकडे वाचत होते.

"अहो नाना, तीन महिन्यांसाठी तर चाललाय," वैशू म्हणाली.

"नोंद असलेली बरी," नाना म्हणाले आणि स्टूल जागच्या जागी ठेवून आले.

आई जाऊन आठ महिने झाले होते. संगमनेरच्या त्या तीन खोल्यांमध्ये नाना एकटे राहत होते. वैशूची शाळेतली नोकरी आणि सासर सिन्नरला, मी कतारला. लेकीच्या घरी राहायला जायचं हे नानांच्या पिढीला जडच जातं. "पाहुणा म्हणून येतो," असं त्यांनी मला तीनदा बजावलं होतं. मी हो म्हणाले होते, कारण त्या क्षणी त्यांना तिथून हलवणं एवढंच मला कळत होतं.

चौदा वर्षांपूर्वी मी निघाले तेव्हा अशी शांतता नव्हती. तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. आईनं पिशवीत मेतकूट आणि कुळथाचं पीठ कोंबलं होतं. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, रास लफानच्या गॅस प्रकल्पात नोकरी लागली होती आणि आम्ही "फार तर पाच वर्षं" म्हणून निघालो होतो. आई एवढंच म्हणाली, "पोचलीस की कळव." पुढे दर वर्षी सुट्टी संपवून परतताना ती हेच म्हणायची. शेवटच्या वर्षी तिला धड बोलता येत नव्हतं, तेव्हा तिनं नुसता हात कानाशी नेऊन दाखवला होता. मी पोचले आणि कळवलं. पंधरा दिवसांत तिकडून कळलं, ती गेली.

अल खोरला आम्ही कंपनीच्या वसाहतीत राहतो. एकसारखी घरं, एकसारखी कुंपणं, पहाटे पावणेपाचला कंपनीच्या बसेस. दोह्यातली गर्दी, सूक वाकिफ या जुन्या बाजारातले मसाल्यांचे वास, हे सगळं इथून पाऊण तासावर. त्या काळात वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. आमच्या गावाबाहेरच तंबूच्या आकाराचं स्टेडियम उभं राहत होतं, आणि मी तिथल्या एका ठेकेदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कुठल्या ड्रॉइंगची कितवी आवृत्ती कुणाकडे गेली, कुणी सही केली, जुनी परत आली का, हे सांभाळायचं. नाना भूमी अभिलेख कार्यालयात सदतीस वर्षं कारकून होते. मी त्यांच्यापासून इतकी लांब येऊन शेवटी कारकूनच झाले, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. मिलिंद आणि मी पहाटे निघायचो ते संध्याकाळी परत. आमची मुलगी इरा नुकतीच पुण्याला कॉलेजात गेली होती, त्यामुळे घर आधीच ओकंबोकं. नाना सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचे. एसीचा आवाज ऐकत. पेपर नाही, कट्टा नाही, दारावरून कुणी "काय नाना" म्हणत जाणारं नाही. मी विचारायचे, "जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." आईविषयी मी काही काढलं की उठून पाणी प्यायला जायचे. चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं कर. पाहुणचार झाला." मी करते म्हणाले, आणि बाथरूमच्या नळाखाली तोंड धरून रडले.

त्याच शुक्रवारी सकाळी मी त्यांना बळंच फिरायला बाहेर काढलं. आमच्यापासून चौथ्या घरात डेक्लन राहायचा. साठीचा, आयर्लंडचा, सेफ्टी विभागातला. बायको वारलेली, मुलं तिकडे. सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा. आम्ही रोजचं "गुड मॉर्निंग" म्हणून पुढे जाणार, एवढ्यात नाना थांबले. त्यांची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर होती. पिवळट कागद, आखलेले रकाने आणि तिरक्या अक्षरातली शाई.

"हे कुठलं रजिस्टर म्हणायचं?" त्यांनी मला विचारलं. इथं आल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

डेक्लननं खुर्ची सरकवली. ते एकोणीसशे अकराच्या आयर्लंडच्या जनगणनेचे फॉर्म होते. घराघरातून भरून घेतलेले मूळ कागद स्कॅन करून सरकारनं इंटरनेटवर ठेवले होते, कुणीही बघावेत. त्याची आजी ब्रिजेट त्यात कुठेतरी असायला हवी होती. लहान असताना आई मेली म्हणून तिला नन्सच्या अनाथालयात ठेवलं होतं. तिथल्या कागदावर फक्त "ब्रिजेट स्मिथ, कॅव्हन जिल्हा" एवढंच होतं. ती कोणत्या घरातली, कोणत्या गावातली, कुणालाच माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, की तिला आठवत नव्हतं, कोण जाणे. एवढंच की रोज झोपायच्या आधी ती एका दमात चार नावं घ्यायची: पॅट्सी, रोझ अॅन, मी, आणि ह्यूई. पॅट्सी म्हणजे पॅट्रिक, ह्यूई म्हणजे ह्यू. ब्रिजेटची मुलगी आयलीन, म्हणजे डेक्लनची आई, आता एकोणनव्वद वर्षांची होती. वृद्धाश्रमात. फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "माझी आई कुणाची रे?"

"दोन वर्षं झाली शोधतोय," डेक्लन म्हणाला. "कॅव्हनमध्ये स्मिथ शेकड्यांनी आहेत. ब्रिजेटही तशाच. आणि माझ्या आईकडे आता फार वेळ नाही."

मी नानांना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून चष्म्याची डबी काढली.

"त्यांना म्हणावं, बाईला शोधू नका. बाईचं नाव कागदावर सगळ्यात आधी बदलतं. भाऊ शोधा."

डेक्लननं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या वडिलांना चहा चालतो ना?"

असे ते शुक्रवार सुरू झाले. सकाळी नऊ वाजता नाना शर्ट खोचून तयार असायचे. तिकिटाचं कुणी बोललं नाही, मीही नाही. डेक्लनच्या ओट्यावर आम्ही तिघं बसायचो. नानांचं इंग्रजी ऑफिसातलं, लिहिण्यापुरतं. डेक्लनचे उच्चार असे की मलाही दोनदा विचारावं लागायचं. पण कागद पुढे आला की दोघांना माझी फारशी गरज उरत नसे. नाना बोट ठेवायचे, डेक्लन वाचायचा. एखादं अक्षर लागलं नाही की नाना म्हणायचे, "खालच्या ओळीत बघा, याच माणसानं हे अक्षर आणखी कुठे काढलंय." जुनी मोडी कागदपत्रं वाचता वाचता हाताला लागलेली ही सवय. लिपी वेगळी असली तरी कारकून तोच, असं त्यांचं म्हणणं.

वयावर विश्वास ठेवू नका, हेही त्यांनीच सांगितलं. "आमच्याकडे निम्म्या तालुक्याचा जन्म एक जूनचा," ते म्हणाले. "शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, कधी जन्मला? बाप म्हणाला, पाऊस पडत होता. मास्तरांनी लिहिलं एक जून." मी हे डेक्लनला सांगितल्यावर तो इतका हसला की कपातला चहा सांडला. मग म्हणाला, त्यांच्याकडे म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं तेव्हा दहा वर्षांत कित्येक माणसं पंधरा-पंधरा वर्षांनी मोठी झाली होती.

पण ह्यू स्मिथ काही सापडेना. सापडले ते वयात बसेनात, वयात बसले त्यांना रोझ अॅन नावाची बहीण नाही. तिसऱ्या शुक्रवारी डेक्लननं लॅपटॉप मिटला. "खलास," तो म्हणाला. अरबीतलं 'संपलं', इथं सगळेच तसं म्हणतात.

नानांनी मिटलेल्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "स्मिथ म्हणजे लोहार ना गं?"

"हो."

"मग हे नाव नाही, हा धंदा. आमच्याकडे एकच कुटुंब फेरफारात लोहार असायचं आणि खरेदीखतात जाधव. त्यांना विचार, त्यांच्या जुन्या भाषेत लोहाराला काय म्हणतात?"

मी विचारलं. डेक्लन उत्तर द्यायला तोंड उघडून तसाच थांबला. शाळेत शिकलेल्या आयरिश भाषेतला एक शब्द त्यानं पुटपुटला, आपल्या "गाव" शब्दाच्या जवळ जाणारा. मग त्याच्यापुढे "मॅक" लावला, म्हणजे मुलगा. लोहाराचा मुलगा. "मॅकगोवन," तो म्हणाला. आणि मग मोठ्यांदा, "अरे देवा, मॅकगोवन! हे मला लहानपणापासून माहीत आहे!" काही घरांनी नाव आयरिशच ठेवलं, काहींनी त्याचं इंग्रजी करून घेतलं. अनाथालयात कुणीतरी त्या पोरीचं नाव इंग्रजीत उतरवून टाकलं होतं.

तो लगेच शोधायला बसला, पण दुपारच्या नमाजाची अजान होईपर्यंत आम्ही अजून मॅकगोवनांच्या निरनिराळ्या स्पेलिंगमध्येच अडकलो होतो. पुढच्या शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला, नानांचं बोट एका ओळीवर थांबलं. आडनावाचं स्पेलिंग भलतंच होतं. पण खाली क्रमानं लिहिलं होतं: पॅट्रिक, वय अकरा. रोझ अॅन, वय आठ. ब्रिजेट, वय पाच. ह्यू, वय दोन.

डेक्लननं ती नावं हळू आवाजात वाचली. मग उठून आत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालू राहिला. मला तो आवाज ओळखीचा होता.

तो येईपर्यंत नाना कागद वाचत होते. बाप ओवेन, शेतमजूर, लिहिता-वाचता येत नाही. म्हणून सहीच्या जागी फुलीची खूण, आणि फॉर्म जनगणनेला आलेल्या पोलीस शिपायाच्या हातचा. दुसऱ्या पानावर घराची नोंद: खोल्या दोन, पुढच्या भिंतीला खिडकी एक, छप्पर गवताचं. "आपल्या गावठाणाच्या पाहणीसारखंच आहे," नाना म्हणाले. त्यांना खूप मजा येत होती. मग पहिल्या पानावर परत येऊन त्यांनी विचारलं, "बायकोच्या नावापुढे हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. त्या जनगणनेत लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं, मुलं किती झाली आणि आज हयात किती. आई मेरीच्या नावापुढे लिहिलं होतं: पाच. चार.

नानांनी चष्मा काढला. "चल घरी," म्हणाले. डेक्लन बाहेर आला तेव्हा ते त्याचा हात हातात घेऊन दोनदा दाबून निघालेही होते. घरी आल्यावर ते न जेवताच आडवे झाले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

त्यानंतर डेक्लननं एकट्यानं मृत्यूंच्या नोंदी धुंडाळल्या आणि मेरीचीही नोंद मिळाली. क्षयानं गेली होती, जनगणनेनंतर थोड्याच काळानं. खबर देणाऱ्याच्या जागी परत तीच बापाची फुली. सगळी नीट खात्री झाल्यावर त्यानं आईला सांगायचं ठरवलं, आणि नानांनी समोर असावं असा हट्ट धरला.

व्हिडिओ कॉलवर एक छोटीशी बाई दिसली, पांढरे केस मागे नीट विंचरलेले. शेजारी नर्स उभी होती. डेक्लननं नानांची ओळख करून दिली. "हे मिस्टर नाना. यांनी शोधून काढलं." नानांनी हात जोडले. त्या बाईनंही पलीकडे हात जोडले, थोडे चुकतमाकत.

डेक्लननं गावाचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, मग चारही भावंडांची नावं वाचली. त्याच्याबरोबर आयलीनही म्हणू लागली, अगदी त्याच चालीवर, जसं तिच्या आईनं रोज म्हटलं असेल. मग तो जरा चाचरला आणि म्हणाला, "आणखी एक बाळ होतं गं. कागदावर फक्त आकडा आहे. पाच झाली, चार राहिली."

आयलीननं पडद्याकडे मान वर केली.

"मायकल," आयलीन म्हणाली.

"काय?"

"आई नावांच्या शेवटी म्हणायची, 'आणि मायकल वर आहे.' मी समजत होते, देवदूत मायकल. इतकी वर्षं मी त्या देवदूताला मेणबत्ती लावत आले." ती हसत होती आणि नर्स तिचे गाल पुसत होती. "बाळ होता का रे तो? मग त्यालाच पोचल्या असतील मेणबत्त्या."

मी हे नानांना मराठीत सांगायला वळले. पण त्यांना कळलं होतं. ते ताठ बसले होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर पाणी पडत होतं.

घरी येताना वाटेतल्या बाकावर ते बसले. म्हणाले, "तुझ्या आईला कुणी असं रकाना करून विचारलं असतं, तर तिनं तीन आणि दोन लिहिलं असतं."

मला आधी कळलंच नाही. माझ्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला. बारसं व्हायचं राहिलं होतं, म्हणून नाव नाही, म्हणून कुठे नोंदही नाही. त्या काळी घरच्या मोठ्यांनी सांगितलं, विषय काढू नका, आणि दोघांनी तो काढला नाही. पंचेचाळीस वर्षं.

"ती त्याला सोन्या म्हणायची," नाना म्हणाले. "नऊ दिवस. नंतर एकदाही तोंडातून काढलं नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मात्र दोनदा हाक मारली. नर्सला वाटलं, दागिन्यांचं काही बोलतेय. मला कळलं होतं. पण मी ओ दिली नाही गं. काय बोलायचं ते सुचलं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. ते म्हणाले, "तुझ्यासारखंच नाक होतं."

त्या संध्याकाळी त्यांनी वैशूला फोन लावला आणि स्वतः सगळं सांगितलं. वैशू तेव्हा काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण नाना त्यानंतर जेवताना आईविषयी बोलले, आणि मग रोजच बोलू लागले. तिला सायकल शिकवताना दोघं कॅनॉलमध्ये कसे पडले, तिनं त्यांच्या ऑफिसातल्या पहिल्या नोटिशीचं लेखी उत्तर कसं लिहून दिलं होतं. जी आई मला माहीत नव्हती ती मला इथं, वाळवंटात, कंपनीच्या डायनिंग टेबलावर भेटली. चौदा वर्षं मी समजत होते की मी लांब आले म्हणून माझं तिकडचं सुटत चाललंय. तिकडेच राहिले असते तर हे कळलं असतं का, मला खात्री नाही.

नानांनी तीन महिने पुरे केले. वैशूनं मधल्या काळात एक छोटी गोष्ट केली. संगमनेरच्या घरी आईच्या फोटोच्या मागच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं लिहिलं: सोन्या, आणि खाली आम्हा दोघींची नावं. नाना परत गेल्यावर त्यांनी ते बघितलं आणि पेन्सिलीवरून शाई फिरवली.

डेक्लननं त्या गावातल्या चर्चला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं ते एका शेतकऱ्याचं, ह्यूईच्या नातवाचं. तो अजून त्याच जागेवर राहत होता, आणि मॅकगोवनच राहिला होता. तो गाडी काढून आयलीनला भेटायला गेला. तिच्या शेजारी बसलेला त्याचा फोटो डेक्लननं नानांना पाठवला. दोघांची हनुवटी सारखी. पुढच्या वसंतात आयलीन गेली. डेक्लनचा निरोप आला, त्यात लिहिलं होतं: तिनं शेवटी विचारायचं बंद केलं होतं.

मधे कोविडची दोन वर्षं सगळंच बंद. त्यानंतर नाना पुन्हा आले, यावेळी कुणी न बोलावता. "पाहुणा" हा शब्द त्यांनी काढला नाही. स्टेडियमवर कापड चढलं होतं, रस्त्यांवर झेंड्यांचे खांब उभे राहत होते आणि सगळं शहर नव्या रंगाच्या वासानं भरलं होतं. आमच्याकडे वेगळीच गर्दी. वसाहतीतल्या दोन मराठी घरांचे जुने कागद, एका केरळी बाईंच्या आजोबांच्या बोटीवरच्या नोकरीचा दाखला, असं काहीबाही घेऊन लोक शुक्रवारी नानांकडे यायचे. नाना त्यांना सांगायचे, "भाऊ शोधा."

परवा सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो आणि पुण्याहून इराचा फोन आला. लहानपणापासून आम्ही मराठीत बोललो तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पुण्यात गेल्यापासून तिची मराठी सुधारली आहे, पण घाईत असली की सरमिसळ होते. तिला पुढच्या शिक्षणासाठी कसला तरी अर्ज भरायचा होता.

"आई, पर्मनंट अॅड्रेसमध्ये काय लिहू? संगमनेर लिहू की घरचा?"

"घरचा म्हणजे?" मी विचारलं.

"घरचा म्हणजे घरचा. अल खोरचा."

मी हातातला चमचा खाली ठेवला. कतारमध्ये आमचा मुक्काम नोकरी आहे तोवरचा. इथं कायमचं काहीच नसतं. आम्ही अठरा वर्षं जिथं तात्पुरते राहिलो, ते माझ्या मुलीचं कायमचं घर झालं होतं आणि मला ते तिच्या फॉर्ममुळे कळत होतं.  मी फोन स्पीकरवर टाकून तिला तो प्रश्न नानांना विचारायला सांगितलं.

नानांनी पोह्यांची ताटली बाजूला सारली.

"दोन्ही लिही," ते म्हणाले. "रकाना अपुरा पडला तर वेगळा कागद जोड. पण गाळू नकोस काही."